निशानं मोजलेली वीस मिनिटं

कुणाचं मशीन बिघडलं की शिवराजच्या अंगात बारा हत्तींचं बळ यायचं. वाळूजच्या कारखान्यात तो मेंटेनन्सला होता आणि बिघाड हुडकण्यात त्याचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. अशा माणसाला गेले दोन महिने घरच्या पाण्याच्या मोटारीनं पार जेरीला आणलं होतं.

पडेगावच्या त्यांच्या गल्लीत आठव्या दिवशी नळाला पाणी यायचं, सकाळी साडेपाच ते साडेसात. शिवराज तेव्हा कंपनीच्या बसमध्ये असायचा. त्याची बायको तनुजा जिन्याखाली जाऊन मोटारीचं बटण दाबायची आणि डबा करायला वळायची. नळाच्या लाइनला थेट मोटार लावायची नसते, हे शिवराजला ठाऊक होतं. ते गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि बहुतेकांनी लावली होती.

पण हल्ली टाकी भरेनाशी झाली होती. वीतभर कमीच राहायची.

"अहो, मधूनच गप्प होते ती मोटार," तनुजा म्हणाली. "माझे हात कणकेत. मी पोळ्या उरकून, हात धुऊन जाईपर्यंत आपलीआपण सुरू."

गरम होत असेल, असं धरून शिवराजनं कपॅसिटर बदलला. मग बेअरिंग बदललं. शेवटी मोटार किती वेळ चालते ते मोजणारं एक छोटं मीटरच बसवलं. तीन वेळा पाणी आलं, तीनही वेळा मोटार एक तास चाळीस मिनिटं चालली. दोन तासांतली वीस मिनिटं गायब. आता गरम झालेली मोटार एखाद्या दिवशी पंधरा मिनिटांत निवेल, एखाद्या दिवशी पंचवीस. घड्याळ लावल्यासारखी दर वेळी वीसच मिनिटांत निवते कशी? शिवराजला जेवण गोड लागेना.

जेवणावरून सांगायचं तर, त्या घरात एक रीत होती. कारखान्यात शिफ्ट संपताना जो तो आपल्या हातून झालेली चूक सांगतो, तशी घरीही रात्री ताटावर बसून प्रत्येकानं दिवसातली एक चूक सांगायची. सांगणाऱ्याला रागवायचं नाही. पोरगी खरं बोलणारी व्हावी म्हणून शिवराजनंच हे सुरू केलं होतं. चौथीतली निशाही न चुकता सांगायची: रबर हरवलं, वर्गातल्या शिवमला चिडवलं, डब्यातलं कारलं कुत्र्याला घातलं. कुत्र्यानंही खाल्लं नाही, हेसुद्धा सांगायची.

पोरीला देण्याची सवय लागावी म्हणूनही त्यानं एक केलं होतं. शेजारच्या, म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या घरात कडूबाई राहायच्या. एकट्या, साठीच्या, शहागंजात भाजी विकणाऱ्या. त्यांच्या नळाला पाणीच चढायचं नाही. त्या हंडा घेऊन आल्या की तो भरून द्यायचं काम निशाचं. "दिल्यानं कमी होत नाही, बेटा," असं शिवराज दर वेळी म्हणायचा, आणि म्हणताना त्याला स्वतःचंच बरं वाटायचं.

मोटारीचं कोडं काही सुटेना, तेव्हा त्यानं सरळ शिफ्ट बदलून घेतली. पुढच्या पाण्याच्या दिवशी तो जिन्याच्या वळणावर दबा धरून बसला.

सव्वासहाला निशा आली. एक वेणी घातलेली, एक सुटी. तिनं पाट ओढला, त्यावर चढून बटण बंद केलं आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

शिवराजला आधी हसू आलं, मग राग आला, आणि दोन्हींवर मात करून कुतूहल वर आलं. कपॅसिटर आणि बेअरिंग फुकटच बदललं होतं तर!

"निशा, काय चाललंय हे?"

ती दचकली, पण पळाली नाही. "कडूमावशींना पाणी देतेय."

"इथं बटण दाबून?"

"आपली मोटार चालू असली की त्यांचा नळ नुसता हवा सोडतो. बंद केली की येतं पाणी. मी तीनदा करून बघितलं. आधी मला वाटलं, त्यांचाच नळ खराब आहे."

पाइप आपल्या दारावरून पुढं शेवटच्या घरात जातो, हे शिवराजइतकं कुणाला कळत होतं? मोटार बंद पडायला लागल्यापासून, म्हणजे दीड-दोन महिन्यांत, कडूबाई हंडा घेऊन आल्या नव्हत्या. कारखान्यात असे दोन बिघाड शेजारीशेजारी दिसले असते, तर त्यानं चहा पिता पिता त्यांचा मेळ घातला असता. इथं सुचलं नव्हतं. त्यांचंच पाणी ओढून त्यांनाच हंडाभर देत होतो आपण, तेही पोरीच्या हातून. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी बाप तो बापच. "मग रात्री ताटावर का नाही सांगितलंस?"

"तिथं चूक सांगायची असते ना?" निशानं खरोखरच विचारलं. "ही चूक आहे का, पप्पा?"

त्यानं तिचा हात धरला आणि शेजारी गेला. नळ खरंच चालतो का, ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. कडूबाईंच्या अंगणात प्लास्टिकच्या पिंपात बोटभर जाडीची धार पडत होती.

"ये बाबा, ये!" कडूबाई कमरेवर हात ठेवून उठल्या. "तुझीच आठवण काढली बघ. आता टँकरमागं पळायला लागत नाय. पाणी भरून आठच्या आत शहागंजात जाते म्या. पोरगी म्हणली, पप्पाच मोटार बंद करत्यात तुमच्यासाठी. लई मोठं मन हाय तुझं. समद्या भाजीवाल्यांना सांगितलंय म्या."

निशानं मान खाली घातली.

शिवराजला कळलं, की आता नुसतं हसून 'असू द्या मावशी' म्हटलं की भागतंय. कडूबाई खूश, पोरगी सुटली, आणि शहागंजापर्यंत आपलं नाव झालंय ते वेगळंच. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण हातातला तो छोटा हात घामानं ओला झाला होता, आणि पोरगी आता डोळे वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होती. बाप काय सांगतो, ते तिला बघायचं होतं.

"मावशी, मी नाही बंद केली," तो म्हणाला. "मला तर आज कळलं. ही करत होती, माझ्या चोरून. आणि तुमचं पाणी इतके दिवस माझ्याच मोटारीनं ओढलं."

कडूबाई पिंपाकडे वळल्या. पिंपात धार पडत राहिली. शिवराजला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मोटार वढती ते ठावं होतं मला," शेवटी त्या म्हणाल्या. "पर रोज त्याच दारात हंडा घिऊन यायचं, मग बोलावं कसं? आन् म्या येडी, एवढे दिस तुझ्या नावानं दिवा लावत होते! आता हिच्या नावानं लावते."

"लावा," शिवराज म्हणाला. "आणि पुढच्या वेळेपासून मी स्वतः बंद करीन, मावशी. सव्वासहा ते सहा पस्तीस. माझा शब्द."

कडूबाईंनी मान डोलावली.

"पण पप्पा," निशा म्हणाली, "वीसच मिनिटं का?"

"म्हणजे? तूच नाही का वीस ठरवलीस?"

"मी तुम्हाला कळू नये म्हणून वीस ठरवली होती. आता तर तुम्हाला कळलंय."

शिवराज घरी गेला, जिन्याखाली उकिडवा बसला आणि मोटार लाइनवरून सोडवायला त्यानं तनुजाकडून पाना मागवला.