साळूकाकीची तार

मी एक जुना, चावीचा सिनेमा कॅमेरा आहे. चावी पिळली की अर्धं मिनिट कुरकुरत चालतो आणि थांबतो. हसू नका, मित्रांनो. त्या काळी कराडच्या आसपास माझ्यासारखा शोधून सापडला नसता!

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. माझे पहिले धनी म्हणजे हवालदार मानसिंग. त्यांनी मला छावणीच्या बाजारात जुना म्हणून घेतलं आणि सुट्टीवर येताना गावी आणलं. एकाहत्तरची लढाई संपून वर्ष उलटलं होतं, तरी ते सरहद्दीवरच होते. परत जाताना त्यांनी मला पुतण्याच्या, कृष्णातच्या हवाली केलं. तो कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता आणि त्याला सिनेमाचं लय वेड.

कॉलेजच्या गॅदरिंगसाठी त्याने चार मिनिटांचा मूकपट करायला घेतला. गोष्ट साधी होती, फौजीच्या घरी तार येते. बघणाऱ्याचा जीव टांगणीला कसा लावायचा, यावर त्याने आणि त्याचा दोस्त आकाराम याने एकमेकांचं डोकं खाल्लं. आधी लांबून रस्ता, मग सायकलचं चाक, मग उंबरा, आणि शेवटी अगदी जवळून बाईचा चेहरा. तो चेहरा खरा वाटायला हवा, म्हणून कृष्णातने अक्कल पाजळली. मानसिंगांच्या बायकोला, साळूकाकीला, त्याने काही सांगितलंच नाही.

अहो, आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. तिथे तार म्हणजे एकच गोष्ट. खाकी कपडे घातलेल्या आकारामने कागद पुढे केला आणि काकीच्या हातातलं सूप खाली पडलं. शेजारच्या रंगूबाई, बनाबाई हातातली कामं टाकून धावत आल्या. तार आली की मजकूर कळायच्या आधीच बायकांनी जमायचं, अशी तिथली रीत. मी दारालगतच्या गोठ्याआडून, कृष्णातच्या हातात, सगळं टिपत होतो. मला डोळा मिटता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

कृष्णात पळत पुढे आला आणि सगळं खोटं असल्याचं सांगू लागला. काकीने पडलेलं सूप उचललं आणि ती आत निघून गेली. पुढे महिनाभर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. तो चेहरा पाहून आकाराम म्हणाला, पहिला नंबर आपलाच. कृष्णातने पत्तीने कापून तो तुकडा तीनदा जोडला आणि तीनदा काढला. शेवटी तो तुकडा घेऊन काकीपुढे जाऊन बसला.

तिने तो उजेडात धरून पाहिला. "ह्यात माझं कुंकू पुसाया लागलंय रं," ती म्हणाली. "ह्ये दुसऱ्याला दावू नगंस."

कृष्णातने तुकडा तिच्याच हाती दिला. तिने तो चुलीत टाकला. कृष्णात मान खाली घालून उठला, तेव्हा तीच म्हणाली, "आता सांगून घे. काय करायचं आसतंय?"

या खेपेला त्याने चेहरा घेतलाच नाही. चुलीवरचं दूध, सायकलचं चाक, वर येणारं दूध, उंबऱ्यावर पडलेली सावली, पदराला पुसला जाणारा हात. तुकडे आखूड आखूड होत गेले. दूध उतू गेलं, हाताने तार घेतली, आणि ती न उघडताच सिनेमा संपला.

गॅदरिंगला शिट्ट्या मारणारी पोरं चिडीचूप झाली. नंबर दुसरा आला, ते जाऊ द्या. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या काकीने कृष्णातचा हात घट्ट धरला होता.

"आरं, पर त्या तारंत काय व्हतं?"

"सुट्टी मंजूर झाली, काकी," तो म्हणाला. तेव्हा कुठे तिने हात सोडला.

आता माझी स्प्रिंग तुटली आहे आणि भिंगावर बुरशी चढली आहे. जमलं तर मला पुसूनबिसून ठेवा. पण मित्रांनो, माझ्या धाकट्या भावंडांना कुणाच्या तोंडासमोर धरण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. आम्हाला विचारता येत नाही हो.