साहेबांसाठी रस्ता मोकळा केला

खुटबावच्या पादचारी व सायकलस्वार सुरक्षा समितीचा मी अध्यक्ष. समितीत आम्ही पाच जण. बैठक देवळापुढच्या पारावर होते. पार माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे, तरी मी बुलेटवर जातो. संपत त्याहून जवळ राहतो, तो चारचाकी आणतो. पायी चालणाऱ्यांचे हाल किती, यावर आम्ही तास-दीड तास कळकळीनं बोलतो आणि मग पाच गाड्या एकदम चालू करून समोरून चालत येणाऱ्यांना बाजूला व्हायला लावतो.

अध्यक्षपद मला मिळालं ते सणसवाडीच्या नोकरीमुळं. तिथल्या एका कंपनीत मी एकवीस वर्षं सेफ्टीत होतो. गेटवर फळा होता, त्यावर महिन्यातल्या अपघातांचा आकडा मी लिहायचो. तो कायम शून्य असायचा. कुणाचं बोट चेपलं तर ते घरी काम करताना चेपलं, असं मी नोंदवायचो. एवढ्या शिदोरीवर निवृत्त झालो आणि गावात तज्ज्ञ म्हणून मिरवू लागलो.

समिती निघाली अनितामुळं. हौसरावांची ही सून. नवरा सत्यजीत सणसवाडीला खोली घेऊन राहतो, सुट्टीला येतो. अनिता दौंडला नर्सिंगचा कोर्स करते. वस्तीवरून सायकलनं निघायचं, फाट्यावर मोठा रस्ता ओलांडायचा, स्टेशनावर सायकल लावायची आणि शटल पकडायची. सगळी गोम त्या ओलांडण्यात. साखर कारखाने सुरू झाले की उसाचे दोन-दोन ट्रेलर, कंपन्यांच्या बस, मुरमाचे हायवा डंपर, रांग तुटत नाही. दिवाळीनंतर एका ट्रेलरनं तिच्या सायकलचं मागचं चाक चेपलं. ती थोडक्यात वाचली. सासू कस्तुराबाईंनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "संक्रांतीपातूर तितं गतिरोधक झाला तर ठीक, न्हाई तर कोर्स बंद. आमाला सून जित्ती पायजे."

अनिता माझ्याकडं आली. "आप्पा, दीड वरीस झालं, सहाच म्हैने ऱ्हायल्यात. तुमी सेफ्टीत हुता न्हवं?"

असं कुणी विचारलं की माझी छाती फुगते. "तू निर्धास्त ऱ्हा," मी म्हणालो.

बांधकाम खात्याकडं चार अर्ज केले. शेवटी पाहणीला साहेब येणार असं कळलं. मंगळवार, सकाळी दहा.

इथं माझा एकवीस वर्षांचा अनुभव कामाला आला. ऑडिट येणार म्हटलं की आदल्या दिवशी आम्ही मशीन पुसायचो, सांडलेलं तेल टिपायचो, पिवळे पट्टे नव्यानं मारायचो. साहेब गावात येणार म्हणजे ऑडिटच की! फाटा झाडून घेतला. मांडव पडला, हलगी आली, फेटे आले. साहेबांना फेटा बांधताना मागून हॉर्न वाजणं बरं दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना अर्ध्या किलोमीटरवर लाल झेंडे देऊन माणसं उभी केली. एका बाजूला हौसराव, दुसऱ्या बाजूला संपत. वस्तीवरच्या बायकांना निरोप धाडला की साहेब असेपर्यंत कुणी मधे-मधे रस्ता ओलांडू नका. अनितालाही मीच घरी बसवलं.

साहेब आले. भला माणूस. फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला. मी त्यांना रस्त्याच्या मधोमध नेलं आणि या रस्त्यावर एक मिनिटही उभं राहता येत नाही, यावर पंधरा मिनिटं भाषण केलं. गावातलं एक कुत्रं आमच्या पायाशी येऊन डांबरावर आडवं झालं. साहेबांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं.

"छान आहे हो तुमच्याकडं. शांत आहे," ते म्हणाले.

मला ती स्तुती वाटली. मी त्यांना आणखी एक नारळ दिला.

साहेबांची गाडी गेली, झेंडे खाली आले आणि तुंबलेल्या गाड्या एकदम सुटल्या. एका ट्रेलरनं मांडवाचा खांबही सोबत नेला. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

तो पडला पत्र आलं तेव्हा. 'पाहणीच्या वेळी सदर ठिकाणी वाहनांची वर्दळ नगण्य आढळली. रस्ता ओलांडणारे पादचारी शून्य. सबब, गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही.' शून्य!

संक्रांतीला चार दिवस होते. सगळं कबूल करायचं ठरवून हौसरावांच्या वस्तीवर गेलो. त्यांनी पत्र घेतलं, सावकाश वाचलं आणि मी तोंड उघडायच्या आत कस्तुराबाईंना हाक मारली.

"ऐकलं का? सरकार लिवतंय, रस्त्याला धोका न्हाई. ह्यो बघ शिक्का."

कस्तुराबाईंनी शिक्क्यावरून बोट फिरवलं. "मंग जाऊ द्या तिला. शिक्का मारून कोन खोटं लिवंल?"

अनिता चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. मी बोललो तर तिचा कोर्स जाणार होता, आणि नाही बोललो तर एखाद्या दिवशी तीच जायची. मी चहा प्यालो. लाज वाटत होती, तरी दुसरा कपही प्यालो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गेलो. पायी गेलो, कारण बुलेटचा आवाज अनितानं ओळखला असता आणि तिला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. रस्त्याच्या कडेला मी पहिल्यांदाच नुसता उभा राहिलो. भरला ट्रेलर जवळून गेला की माणूस आपसूक दोन पावलं मागं सरतो, हे अध्यक्षांना त्या दिवशी कळलं.

आणि रस्त्याच्या मधोमध हौसराव उभे होते. दोन्ही हात आडवे पसरून. पुढ्यात ट्रॅक्टरवाला शिव्या घालत थांबला होता. अनिता त्यांच्या पाठीमागून सायकल ढकलत पलीकडं गेली आणि सायकलवर बसून स्टेशनाकडं निघून गेली.

हौसराव कडेला आले. "आनंदराव, तुमी? आन् चालत?"

"त्ये पत्र खोटं हाय," मी एका दमात म्हणालो. "गाड्या आपुनच अडवल्या हुत्या. चूक माझी हाय."

"आवं, झेंडा घिऊन मीच उभा हुतो की. मला काय सांगताय?" ते म्हणाले. "घरात दावायला येक कागुद पायजे हुता, त्यो तुमच्यामुळं घावला. सकाळचं मी बघतो. सांच्याला ती साडेपाचला येती, तवा मला डेअरीला दूध घालायचं आस्तं. तितं रांगंत उभा आस्तो, पर ध्यान सगळं हितं."

एवढं बोलून ते गेले. मला त्यांनी काही करायला सांगितलं नाही. या माणसाकडून काही होईल, असं त्यांना वाटलंच नसावं. ते मला फार लागलं.

दुपारी मी पाचवा अर्ज लिहिला. 'पाहणीच्या दिवशी वाहतूक अर्जदारानेच अडवली होती. कृपया न कळवता यावे.' समितीच्या चौघांनी सही करायला नकार दिला. मी एकट्यानं केली.

साडेपाचला फाट्यावर गेलो. पलीकडं अनिता सायकल धरून उभी होती. मी मधोमध जाऊन हात वर केला. पहिला हायवा थांबला नाही. मी कडेला पळालो, अगदी धोतर सावरत पळावं तसा, पँट असूनही. पुन्हा गेलो. दुसरा थांबला.

"ए चाचा, मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला. त्याच्या मागं हॉर्नचा कल्लोळ उठला.

अनिता घाई न करता आली. माझ्याजवळ क्षणभर थांबली.

"आप्पा, उद्या धा मिन्टं आधी या. शटल कवा कवा टायमात येती."

"येतो," मी म्हणालो आणि तिच्या मागोमाग पटकन कडेला झालो.