जीभ वर

"जीभ वर कर. अजून वर. गालात काय साठवतोयस, माकडा?"

समोरच्या जवानाने कसनुसं तोंड करून गोळी गिळली. दवाखान्याच्या हवालदाराने त्याच्या घशात टॉर्च फिरवला आणि पुढच्याला पुढे ओढलं.

परमुलखात शांतता राखायला आलेल्या या तुकडीत त्याला सगळे 'कडू' म्हणत. दर रविवारी हिवतापाची गोळी वाटायची आणि ती पोटात गेली की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. बंदुकीपुढे छाती काढणारी ही माणसं एवढ्याशा गोळीपुढे नाकं मुरडत. कुणी म्हणे डोकं गरगरतं, कुणी म्हणे पुढे पोरं होत नाहीत.

"तुझी नाही झाली तर जगावर उपकारच होतील," असं म्हणून कडू त्याचा जबडा धरी. मनातून तो सगळ्यांना मेंढरं समजायचा.

रांगेच्या शेवटी मात्र टॉर्च विझायचा. तिथे दाजी उभे असत, त्याच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आता सगळी तुकडीच त्यांना दाजी म्हणे.

"काय मेव्हणे, आमचंही तोंड उघडून बघणार का?"

"काहीतरीच काय, दाजी."

लग्नात ज्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला, त्यांना जीभ वर करा म्हणून कसं सांगायचं? दाजी गोळी तोंडात टाकून ऐटीत चालू लागत. रांगेत कुणीतरी मुद्दाम खाकरे.

बहिणीचा फोन येई. "दादा, यांच्याकडे बघतोस ना? हे कुणाचं ऐकत नाहीत. तू आहेस म्हणून मला झोप लागते."

"बघतो गं. तू पोराला सांभाळ," तो ठसक्यात सांगे.

एका दुपारी दाजी कुडकुडत आडवे झाले. "ऊन लागलंय, जाईल," म्हणाले. संध्याकाळी बरळू लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मान हलवली, शिरेतून औषध सुरू केलं आणि मोठ्या इस्पितळात हलवायला हेलिकॉप्टर मागवलं.

त्यांचे कपडे आणायला कडू तंबूत गेला. तिथे तिघे पत्ते कुटत बसले होते. चौथा आजारी पडला म्हणून डाव थांबला नव्हता. घोंगडीवर पैशांच्या जागी पांढऱ्या गोळ्या लावल्या होत्या. त्यांच्या कडा ओल्या होऊन सुकलेल्या, झिजलेल्या.

"कुणाच्या या?"

"दाजींच्या. डासाला कोण भितंय, म्हणायचे आणि थुंकून इथे टाकायचे." बोलणाऱ्याने पान फेकलं. "आमच्याकडे कुठून येणार? आमच्या घशात तू मनगटापर्यंत हात घालतोस."

"त्यांचं तोंड सोन्याचं ना, कडू," दुसरा नजर वर न करता म्हणाला.

कडूने दाजींच्या पिशवीतून कपडे ओढून काढले. ते काखेत मारून तो परतला.

दवाखान्यात दाजी निपचित पडले होते. त्याने ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले, हाक मारली. डोळे किलकिले झाले, पण त्यांत ओळख नव्हती. बुबुळं बघायला त्याने टॉर्च पेटवला.

उजेड दिसताच दाजींनी, रांगेतल्या कुठल्याही जवानासारखा, मुकाट्याने आ केला. सुकलेली जीभ थरथरत वर उचलली.

बाहेर हेलिकॉप्टर उतरत होतं. दवाखान्याच्या तंबूचं कापड फडफडत होतं. कडू वाकला. त्याने जिभेखाली पाहिलं, मग एक गाल, मग दुसरा. सावकाश, नीट. आत काही नव्हतं.

"मिटा आता, दाजी," तो म्हणाला.