बिनशिक्क्याचा पितळी फ्यूज

सांगतो, पण कुणाचा विश्वास बसणार नाही. नुसत्या पितळेवरच्या चरांवरून मी ओळखलं की ऐंशी वर्षांपूर्वी हा फ्यूज कातणारा कारागीर डावखुरा होता!

फ्यूज समोर टेबलावरच होता. तोफगोळ्याच्या टोकाला बसवतात आणि गोळा उडवतो, तो हा. अंगावर ना आकडा, ना शिक्का. भंगारवाल्याने घासाघीस न करता दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "साहेब, लवकर उचला." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

"आत दारू नाही ना?" बायकोने विचारलं. फोन तिच्या हातातच होता. "नाहीतर पोलिसांना बोलावते."

पोलीस आले असते तर फ्यूजबरोबर असल्याच जुन्या वस्तूंनी चाळीस वर्षांत भरलेलं माझं कपाटही गेलं असतं. फ्यूज बघायला आलेल्या मेहुण्याने खुर्ची हळूच दाराकडे सरकवली.

"अगं, आटे मोजले मी. इंचाला चौदा! चौदा आट्यांचा माल एकाच कारखान्याचा, आणि तो रिकामा भरतो सहाशे बारा ग्रॅम. सकाळीच वजन केलं. बरोब्बर सहाशे बारा! म्हणजे आत काय? हवा!"

"दाजी, मानलं तुम्हाला," मेहुणा म्हणाला.

बायको माझ्याकडे एकटक बघत होती. "वजन कशावर केलंत?"

"आपल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर."

"तो महिनाभर वन्संकडे आहे. साफ खोटं बोलताय तुम्ही! दादा, ऊठ, आधी बाहेर हो!"