सिकलसेल निगेटिव्हचे पेढे

आमच्या पोंभुर्ण्यात पोरीला चक्कर आली की आधी सिकलसेल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार, तपासतात, बाकीचं मागून. मी तर कबड्डीच्या मैदानातच धाडकन पडले. आमच्या कोच प्रफुल सरांनी आईला फोन केला आणि आईने मला थेट सरकारी दवाखान्यात नेलं.

रिपोर्ट निगेटिव्ह! आई इतकी खूश, की समोरच्या दुकानातून पावशेर पेढेच घेऊन आली.

"डॉक्टरबाई, तोंड गोड करा. माही चंचल ठणठणीत हाय!"

ठणठणीत कसली! खरं फक्त मला माहीत होतं. सांगितलं तर जिल्ह्याची टीम हातची जाणार. नाही सांगितलं तर मी पुन्हा पडणार.

नीलिमा डॉक्टर मात्र रिपोर्टचं दुसरं पान बघत होत्या. "पोटॅशियम एवढं कमी?" त्यांनी माझे दात पाहिले, जबड्याखाली चाचपलं. मग म्हणाल्या, "मीराबाई, सिस्टरले पण पेढे देऊन या."

आई गेली तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "कधी खूप खाल्लं जाते, थांबताच येत नाई, असं होते का? आन् मग ओकून टाकतेस?"

"तुम्हाले कोणं सांगितलं?"

"तुह्या दातांनी. ओकून ओकून झिजले ते, आन् पोटॅशियमही त्यानंच उतरलं, म्हणून चक्कर."

मला हसूच फुटलं. मग सगळं सांगून टाकलं. शनिवारी टीमसमोर होणारं वजन, वजनगटाची धास्ती. आठवड्यातून दोन-तीनदा, पाच महिन्यांपासून.

"पण मी बारीक कुठी आहो, मॅडम?"

"बुलिमिया, म्हणजे हा खाऊन ओकायचा आजार, वजन पाहून येत नाई. त्याची रक्ततपासणी पण नसते. विचारावं लागते, आन् पोरीनं खरं सांगावं लागते. आता आधी पोटॅशियम भरून काढू. मग चंद्रपूरला समुपदेशन, वेळेवर जेवण. तोवर कबड्डी बंद."

"कायमची?"

"कायमची कोण म्हणते?"

आई परत आली. मीच तिला सांगितलं.

"माय वो! म्हणून चिवड्याचा डबा रिकामा होत होता? मी उंदरासाठी पिंजरा लावून राह्यली!" मग माझं डोकं पोटाशी धरलं, घट्ट. पुड्याकडे बघत म्हणाली, "मंग आता हे पेढे वापस करू का?"

"काऊन? पोरगी खरं बोलली, त्याचे वाटा," डॉक्टर म्हणाल्या.

आईने एक माझ्यापुढे धरला. भीती वाटली, पण खाल्ला. घरी पोचेपर्यंत तिचा हात सोडला नाही.

घरात शिरताच आईने पिंजरा उचलला आणि शेजारच्या मंगलीकाकूला देऊन टाकला.

"ठेव तुलेच. आमच्या इथी उंदीर नाई."