एका बटणाचा हीटर

खमीसीला जास्तीची वस्तू दिसली की त्याच्या कपाळावर आठी पडायची. सेतीफ शहराच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या कारखान्यात भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नव्हतं. तारीख माणसाच्या डोक्यात असावी, असं त्याचं म्हणणं. तीस वर्षं तिथे एकच वस्तू बनत होती, सिलिंडरवर चालणारा, खोली गरम करणारा हीटर. समोर जाळी, वर एक बटण. दाबा, फिरवा, पेटला. इतर कंपन्यांच्या हीटरला तीन-तीन बटणं, दिवे, पंखे आणि काय काय. गावाकडच्या म्हाताऱ्या मात्र खमीसीचाच हीटर मागायच्या, कारण तो पेटवायला कुणाला हाक मारावी लागत नव्हती. याचा त्याला अभिमान होता, आणि तो पोकळ नव्हता.

नवा नमुना करायचा झाला की तो सगळे भाग टेबलावर मांडायचा आणि एकेक उचलून विचारायचा, "हा नसला तर काय अडतं?" चटकन उत्तर आलं नाही, की तो भाग खोक्यात. या खेळाला कामगार टरकून असायचे.

त्याची पुतणी तुर्किया इंजिनिअर होऊन कारखान्यात आली आणि तिने हीटरमध्ये बोटभर लांबीचा एक भाग बसवला. खोलीतली हवा कोंदली की तो ज्योत विझवायचा. टेबलावर नेहमीचा प्रश्न आला.

"माणूस मरतं, काका," ती म्हणाली.

खमीसी हसला आणि भाग राहू दिला. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं पहारेकरी.

आता आमच्या या पठारावरची थंडी. सरकारी नियमाप्रमाणे हीटरच्या प्रत्येक खोलीत, भिंतीला खालच्या अंगाला तळहाताएवढं हवेचं भोक असतं. आणि नोव्हेंबर लागला की घरोघरच्या बायका त्यात जुनी लोकर कोंबतात. आई कोंबायची, सासू कोंबायची, म्हणून आपणही. पैसे मोजून ऊब घ्यायची आणि भोकातून बाहेर सोडायची, हे कुणाच्या बुद्धीला पटणार? खोली कोंदायची, पहारेकरी आपलं काम करायचा, आणि लोक म्हणायचे, खमीसीचा माल बिघडला.

डोंगराखालच्या गावातला लामरी एका हिवाळ्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा त्याने हीटर गाडीतून उतरवून चारचौघांत कारखान्याच्या अंगणात आणून आदळला.

"खमीसीभाऊ, हा हीटर आहे की रुसलेला जावई? तासातासाला तोंड फिरवतो! बायको म्हणते, त्या कारखानदाराला म्हणावं, तूच येऊन बस इथे आणि पेटवत राहा."

सगळे खो खो हसले. खमीसीही हसला, पण ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात पहारेकरी पुन्हा टेबलावर आला.

"तो विझतो म्हणजे सांगतो काहीतरी," तुर्किया म्हणाली. "आपण हीटरवर एक चिठ्ठी लावू. भोक उघडं ठेवा, एवढंच लिहू."

"चिठ्ठी वाचून वापरावी लागते ती वस्तूच चुकलेली. हे मी तुला शंभरदा सांगितलंय."

"काका, हट्ट करू नका."

"तीस वर्षं पहारेकरी नव्हता. कोण मेलं?"

"आपल्याला कुणी येऊन सांगितलं असतं का?"

खमीसीने तो भाग उचलला आणि खोक्यात टाकला. पुढच्या शरदात सहाशे चाळीस हीटर पहारेकऱ्याशिवाय बाहेर पडले. पहिला त्याने स्वतः लामरीच्या घरी नेऊन दिला. त्यानंतर एकही तक्रार आली नाही, आणि त्या शांततेलाच हा शहाणा शाबासकी समजला.

जानेवारीत बर्फ पडला. एका सकाळी तुर्किया त्याच्या खोलीत आली आणि उभीच राहिली.

"लामरीच्या दोन्ही मुली गेल्या. नुवारा आणि धाकटी हद्दा. झोपेतच."

"आपलाच हीटर?"

"आपलाच. आज संध्याकाळी बाकीचे सहाशे एकोणचाळीस पेटतील, काका. मी रेडिओवाल्यांकडे चाललेय. तुम्ही गावागावाच्या इमामांना कळवा. तुमचं नाव सांगा, नाहीतर कुणी ऐकणार नाही."

"कारखाना बंद पडेल."

तुर्किया दाराकडे वळली.

"आधी लामरीला भेटतो," तो म्हणाला. "रेडिओवरून कळण्याआधी त्याला माझ्या तोंडून कळू दे."

तो पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. शेजाऱ्यांनी वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसची परात आणली होती आणि पुरुष चटयांवर बसून खात होते. पलीकडच्या दारातून बायकांचा आक्रोश येत होता. लामरीने उठून त्याला मिठी मारली.

"अल्लाची मर्जी, भाऊ. त्यांचं तेवढंच लिहिलं होतं." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाला, "यांच्या हीटरला कुणी नावं ठेवायची नाहीत. एकदासुद्धा विझला नाही बिचारा. सकाळी दार उघडलं तेव्हाही चालूच होता."

लोकांनी माना डोलावल्या. एकाने खमीसीच्या हातात चमचा दिला. गप्प बसून चार घास खाल्ले असते तर तो मोकळा झाला असता. सगळ्यांनी त्याला आधीच माफ केलं होतं. घास तोंडात फिरू लागला. चमचा ठेवून त्याने लामरीला घरामागच्या भिंतीशी नेलं.

"लामरी, तुझा जुना हीटर बिघडलेला नव्हता. हवा कोंदली की तो विझायचा, तसाच केला होता. तो भाग मी काढला. तुला त्रास नको म्हणून."

"म्हणजे मी शिव्या घालत होतो तेव्हा तो..."

"हो."

लामरीची नजर भिंतीतल्या भोकाकडे गेली. लोकर आत छान दाबून बसवली होती, गादी शिवताना कोपरे दुमडतात तशी.

"हे उघडं असतं तर?"

खमीसीला खोटं बोलता आलं नाही. "तर मुली वाचल्या असत्या."

"त्यांच्या आईने बसवली," लामरी हळूच म्हणाला. "हद्दाला खोकला होता म्हणून." एकाएकी त्याने खमीसीची बाही धरली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण तिला हे कळू देऊ नका. तुमच्या आईची शपथ आहे, भाऊ. ती वेडी होईल."

"सहाशे घरं आहेत, लामरी. सांगायलाच हवं."

"चार दिवस थांबा."

"आज बर्फ पडलाय."

लामरीने बाही सोडली. त्याने मारलं असतं, थुंकला असता, तर खमीसीला बरं वाटलं असतं.

मशीद दोन घरांपलीकडे होती. जाता जाता खमीसी शब्द जुळवत होता. लोकरीचं नाव न घेता सांगता येईल का, हे त्याने दहा वेळा उलटसुलट करून पाहिलं. नुसतं हीटर पेटवू नका म्हटलं, तर या थंडीत कोण ऐकणार होतं? लोक पेटवणारच. लोकरीचं ते वाक्य काढता येत नव्हतं.

इमाम म्हणाला, "मी सांगतो लोकांना." खमीसीने नकारार्थी मान हलवली आणि मशिदीच्या भोंग्याचा ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"मी खमीसी, हीटरवाला. माझा नवा हीटर जीव घेतो, पेटवू नका. परत आणून द्या. घरात काहीही पेटवाल, तर आधी भिंतीतलं भोक मोकळं करा. कोंबलेली लोकर काढून टाका, आत्ता काढा." तो थांबला. मग, ज्याला एक शब्द जास्त खपत नसे, तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "दोष माझा आहे. लोकर घालणाऱ्या आईचा नाही. दोष माझा आहे. आईचा नाही."

लामरीच्या घरातला आक्रोश थांबला. मग एकाच बाईचा आवाज आला.

"कुठली लोकर? लामरी, कुठली लोकर म्हणाला तो?"