ओक-बुन आजींची जड पिशवी

"चर्चची बरणी व्हायला निघालीस? घरोघरचं सगळं कळेल तुला, आणि सांगता एक अक्षर यायचं नाही. कुढत बसशील, बघ!"

भट्टीच्या अंगणात माझ्या शेजारी उन्हात बसलेली सोयाच्या आंबवणाची म्हातारी बरणी मला असं म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. माझी झिलई ताजी होती आणि चर्चच्या बायका मला न्यायला आल्या होत्या. कुढायचं कशाला?

मित्रांनो, मी तांदळाची एक जुनी बरणी आहे. रंगाने तपकिरी, पोटाने मोठी, झाकणाचा एका कडेला टवका उडालेला. योसू शहराच्या बंदरामागच्या टेकडीवर आमचं लहानसं चर्च आहे. तिथल्या स्वयंपाकघराच्या दाराशी मी वर्षानुवर्षं उभी आहे.

आमच्या मंडळीची रीत अशी. भाताला तांदूळ मोजून घेतला, की धुण्याआधी घरातल्या माणसागणिक एकेक चमचा बाजूला काढायचा. तो कापडी पिशवीत साठवायचा आणि रविवारी माझ्यात ओतायचा. देवाने दिलेल्या धान्याचे आपण मालक नाही, नुसते कारभारी आहोत, ही त्यामागची श्रद्धा. ईस्टरच्या आधी उपवासकाळ येतो. त्यात कुणी एका वेळचं जेवण सोडलं, तर त्या जेवणाचा सगळाच तांदूळ माझा. मग माझ्यातूनच जवाच्या कापणीच्या सणाला वड्या उकडायच्या, नाताळात अडल्यानडल्या घरी तांदूळ जायचा.

पिशवीच्या वजनावरून मला घर कळायचं. कुणाचा मुलगा सैन्यात गेला, कुणाकडे बाळ जेवायला लागलं, सगळं. मला फार मान होता त्या दिवसांत.

पुढे लोक दुकानातून शिवलेलं पोतंच आणून माझ्या बाजूला टेकवू लागले. पोत्यावरून मला काय कळणार? चमच्याचा तांदूळ आणणाऱ्या एकट्या ओक-बुन आजी उरल्या. नाताळाच्या आधी, आगमनकाळात, त्यांचे यजमान वारले. त्यानंतर आजींची पिशवी हलकी झाली. एका माणसाचा चमचा कमी झाला होता. ते बरोबरच होतं.

पण उपवासकाळ लागला आणि पिशवी एकदम जड झाली. स्वयंपाकघर सांभाळणारी मी-रान नावाची बाई ती ओतताना म्हणाली, "बघा, बघा! या वयात आजी उपास करतात. आणि आम्ही? आम्हाला दहा वाजताच नूडल्स आठवतात."

सगळ्या हसल्या. मीही तेव्हा काही मनावर घेतलं नाही.

ईस्टर झाला. अंडी वाटून झाली, उपवास सुटले. पुढच्या रविवारी आजींची पिशवी आली, तीही तशीच जड. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी जड. आणि मग मला उमगलं. आजी अजून जेवण सोडत होत्या! तांदूळ मोजून घ्यायच्या, एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून बसून राहायच्या, आणि सोडलेल्या जेवणाचा तांदूळ देवाचा म्हणून इमानाने पिशवीत ओतायच्या.

चर्चच्या दारात प्रत्येक जण त्यांना विचारायचा, "आजी, जेवलात का?" आमच्याकडे भेटल्यावर असंच विचारतात. आजीही "जेवले, जेवले" म्हणायच्या. उत्तर संपायच्या आत विचारणारा चपला काढून आत गेलेला असायचा. मला इतका संताप यायचा! विचारता कशाला मग?

त्यांची मैत्रीण तोक-जा आजी जिभेची तिखट. ती एकदा म्हणाली, "अगं ए, हा घागरा तुझा की तुझ्या जावेचा? पिना लावून धरलायस!"

"उन्हाळ्यात ढगळच बरं असतं," ओक-बुन आजी हसून म्हणाल्या. झालं. विषय तिथेच संपला.

जवाच्या कापणीचा रविवार आला. पाळकसाहेब आजींच्या दानाबद्दल त्यांचा सत्कार करणार होते. त्यानिमित्त सगळ्यांना वाटायच्या टॉवेलांची खोकी फीत बांधून तयार होती. आजी मात्र आल्या नाहीत. शेजाऱ्याने पिशवी आणून दिली. "बरं वाटत नाही म्हणाल्या. पण दान चुकवायचं नाही म्हणाल्या."

"केवढी ही भक्ती!" मी-रानने डोळ्यांना रुमाल लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, तेव्हा मला तडा कसा गेला नाही, हेच नवल.

तोक-जा आजीने पिशवी हातात घेतली. एकदा वर केली, पुन्हा वर केली. तिचा चेहरा उतरला.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" ती ओरडली. "हा तर तिचा आठवड्याचा सगळा भात आहे! मग ती खातेय काय? मी-रान, पेज घे. आणि पाळकसाहेब, तुम्ही गाडी काढा!"

पुढचं मला मी-रानच्या बोलण्यातून कळलं. ओक-बुन आजी जमिनीवरच्या अंथरुणात सापडल्या. शुद्धीवर होत्या, पण उठवत नव्हतं. भाताचं भांडं धुऊन पालथं घातलेलं, वर धूळ. दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं.

आता रोज दुपारी तोक-जा आजी चढ चढून ओक-बुन आजींच्या घरी जाते. "एकटीला किमचीचं लोणचं गोड लागत नाही गं, उघड दार," म्हणत आपलं ताट घेऊनच आत शिरते. ओक-बुन आजी थोडंथोडं जेवू लागल्या आहेत. परवा त्यांची पिशवी आली. इतकी हलकी, की तांदूळ माझ्या तळाशी पडला तो जेमतेम वाजला. मी आनंदाने भरून गेले. तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजलं, "आजींची भक्ती कमी झाली वाटतं."

काय बोलायचं या माणसांना!

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. पायही आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणीतरी असेल, जे दान चुकवत नाही, तक्रार करत नाही आणि विचारलं की "जेवले" म्हणतं. आज त्यांच्या घरी जा. दारातून विचारून परत फिरू नका. आत जा, त्यांच्या भांड्याचं झाकण उचला, आणि ते रिकामं असेल तर तिथेच बसून त्यांच्याबरोबर जेवा.